मेनोपॉज टेस्ट किट वापरून पाहिलं: पट्टीपेक्षा सोबतचा कागद कामाचा

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करताना थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच असे हार्मोन्सचे नमुने रोज माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे घरच्या घरी लघवीवर करायचं मेनोपॉज किट मागवलं तेव्हा त्यातली पट्टी चालते की नाही, याची मला फारशी चिंता नव्हती. मला वेगळंच पाहायचं होतं. वय सत्तेचाळीस, पाळीचा नेम राहिलेला नाही, रात्री मध्येच जाग येऊन अंग घामाने भिजलेलं, आणि मनात एकच प्रश्न, ‘सुरू झालं का माझं?’ अशा बाईच्या हातात हे किट काय ठेवतं? ती बाई सध्या मीच आहे, म्हणून स्वतःवरच वापरलं.

कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. या प्रकारची बहुतेक किटं एकाच तत्त्वावर चालतात. लघवीतलं एफएसएच, म्हणजे अंडाशयातली बीजं वाढवणारं हार्मोन, एका ठरावीक पातळीच्या वर आहे की खाली, एवढंच ती सांगतात. माझ्या किटमध्ये ही पातळी दर मिलिलिटरला २५ एमआययू (हार्मोन मोजायचं एकक) होती आणि बाजारातल्या बऱ्याच किटांची तेवढीच असते. म्हणजे पट्टी आकडा देत नाही, फक्त हो किंवा नाही.

डब्यात सीलबंद पाकिटातल्या दोन पट्ट्या, दोन कागदी कप, घडी घातलेलं माहितीपत्रक आणि वेगळ्या जाड कागदावर छापलेला लक्षणांचा तक्ता होता. पॅकिंग चांगलं आहे. पट्टीच्या पाकिटात ओलावा शोषणारी पुडी आहे आणि मुदतीची तारीख ठळक छापली आहे. सकाळची पहिली लघवी घ्यायची, पट्टी रेघेपर्यंत बुडवायची, पाच मिनिटांनी वाचायची, दहा मिनिटांनंतर दिसलेलं धरायचं नाही. आठवड्याने दुसरी पट्टी वापरायची. इथपर्यंत सूचना सरळ आणि चित्रांसकट आहेत.

अडचण येते ती रेघ वाचताना. प्रेग्नन्सी टेस्टची सवय असलेल्या प्रत्येकीला माहीत असतं की दुसरी रेघ पुसट आली तरी ती ‘आहे’ धरायची. इथे तसं नाही. एफएसएच प्रत्येक बाईच्या शरीरात कायमच थोडंफार असतं, त्यामुळे पुसट रेघ जवळजवळ कुणाचीही येईल. टेस्टची रेघ कंट्रोलच्या, म्हणजे पट्टी चालते आहे एवढंच दाखवणाऱ्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना पत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत आहे. ज्या वयाच्या बायकांसाठी किट बनवलंय त्यांच्यातल्या बहुतेकींना जवळचा चष्मा लागलेला असतो, आणि सकाळी बाथरूममध्ये उभं राहून त्या हे वाचणार आहेत. शिवाय दोन गुलाबी रेघांतली कुठली जास्त गडद हे उजेडावर ठरतं. आमच्याकडे मशिन आकडा छापतं, इथे निकाल डोळ्यांवर सोडलेला आहे.

माझी पहिली पट्टी पॉझिटिव्ह आली, टेस्टची रेघ स्पष्ट गडद. आठवड्याने दुसरी निगेटिव्ह. दोन्ही वेळा त्याच सकाळी मी लॅबमध्ये रक्तही दिलं होतं आणि रक्तातल्या एफएसएचनेही तेच दाखवलं. पहिल्या वेळी बराच वर, दुसऱ्या वेळी चक्क तिशीतल्या बाईसारखा. तेव्हा पट्टी खोटं बोलली नाही, हे तिच्या बाजूने मी स्पष्ट लिहिते. ज्या दिवशी जे होतं ते तिने सांगितलं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए अशा किटांबद्दल हेच सांगते: दहापैकी साधारण नऊ वेळा ही एफएसएच बरोबर ओळखतात, पण मेनोपॉज किंवा त्याआधीचा काळ ओळखत नाहीत.

असं का होतं, हे पत्रकात असायला हवं होतं. नाही, म्हणून इथे लिहिते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजपुटकं, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि मेनोपॉजच्या सुमाराला जेमतेम हजारभर. ही पुटकं इनहिबिन नावाचं हार्मोन तयार करतात आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सांगत असतं की एफएसएच आवर. पुटकं कमी झाली की हा लगाम सैल होतो आणि एफएसएच चढतं. पण ते एका रेषेत चढत जात नाही. एखाद्या महिन्यात अंडाशय त्या चढलेल्या एफएसएचला जोरात प्रतिसाद देतं, भरपूर इस्ट्रोजेन (अंडाशयाचं मुख्य स्त्री-हार्मोन) तयार होतं आणि एफएसएच पुन्हा खाली येतं. पुढच्या महिन्यात बीज तयारच होत नाही आणि ते परत वर जातं. नियमित पाळीच्या बाईतसुद्धा चक्राच्या मध्यावर एफएसएच थोडं उसळतंच. अशा काळात एका सकाळच्या पट्टीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे एका दुपारच्या उन्हावरून ऋतू ठरवणं.

इथे एक गैरसमजही दूर व्हावा असं मला फार वाटतं. या वर्षांत इस्ट्रोजेन हळूहळू आटत जातं, असं सगळ्या समजून चालतात. प्रत्यक्षात शेवटची पाळी येण्याआधीच्या काही वर्षांत ते हेलकावे खातं आणि काही महिन्यांत तर तरुणपणापेक्षाही जास्त असतं. स्तन ठणकणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, पाळीत एकदम खूप अंगावर जाणं यांतलं बरंचसं याच चढत्या महिन्यांचं असतं. ‘पाळी जायला आली म्हणजे रक्तस्राव कमी कमी होत जाणार’ अशा समजुतीत असलेली बाई या जोरदार पाळीने घाबरून जाते, आणि तिला कुणी हे आधी सांगितलेलं नसतं.

ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१५ साली स्पष्ट लिहिलं की लक्षणं असलेल्या ४५ वर्षांवरच्या बाईचं निदान करायला एफएसएचची तपासणी वापरू नये. पाळीत झालेला बदल आणि लक्षणं यांवरून ते करावं. चाळीस ते पंचेचाळीस या वयात लक्षणं असतील तर तपासणीचा विचार करावा आणि चाळिशीच्या आत तर ती लागतेच. म्हणजे ज्या वयाच्या बाईचं हसरं चित्र या डब्यावर छापलंय, नेमकी तिलाच या पट्टीची गरज सगळ्यांत कमी आहे.

मग गरज कशाची? डब्यातल्या त्या दुसऱ्या, जाड कागदाची.

त्या तक्त्यावर अकरा लक्षणं आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे. ही पद्धत कंपनीने शोधलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत तयार झालेली मेनोपॉज रेटिंग स्केल ती हीच. वाफा येणं आणि घाम, छातीत धडधड, झोपेच्या तक्रारी, उदासी, चिडचिड, धास्ती, शरीराचा आणि डोक्याचा थकवा, लैंगिक तक्रारी, लघवीच्या तक्रारी, योनीचा कोरडेपणा, सांधे आणि स्नायूंचं दुखणं. एकूण चव्वेचाळीस गुण. नऊ ते सोळा म्हणजे मध्यम त्रास, सतरापासून पुढे तीव्र.

मी हा कागद भरायला बसले आणि पहिल्यांदाच माझ्या सगळ्या तक्रारी एका पानावर आल्या. सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळत नाही, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, ते मी उभ्याच्या कामाच्या खात्यावर टाकलं होतं. पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, त्यासाठी घरातल्या काळज्या पुरेशा होत्या. छाती एकदम धडधडायला लागते, त्यावरून हृदयाचा आलेख काढून झाला होता आणि तो नीट आला होता. नाव तोंडावर येऊन अडकतं, ते या तक्त्यात स्वतंत्र नाही, थकव्याच्या ओळीत त्याला जागा करावी लागते. वेगवेगळी वाटणारी ही दुखणी एकाच सुमाराला सुरू झाली आहेत, हे कागदावर शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय दिसत नाही. अंगातून वाफा निघाल्याखेरीज मेनोपॉजची सुरुवात नाही, असं मानणाऱ्या खूप जणी मला भेटतात. कित्येकींमध्ये झोप आणि मनःस्थिती आधी बिघडते, वाफा नंतर येतात, काहींना त्या फारशा येतही नाहीत.

वाफांबद्दल मात्र थोडं सविस्तर. माझ्या बाबतीत ती लाट छातीपासून उठते, मानेवरून चेहऱ्यापर्यंत जाते, कानशिलं तापतात, नाडी जलद होते, घाम फुटतो आणि काही मिनिटांत उलट हुडहुडी भरते. हे त्वचेतून सुरू होत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान राखणारी यंत्रणा असते. इस्ट्रोजेनची साथ सुटली की तिथल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि शरीराला ‘ठीक’ वाटणाऱ्या तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एरवी जाणवलाही नसता इतका थोडा फरक झाला तरी शरीर उष्णता बाहेर टाकायला धावतं. ही यंत्रणा कळल्यामुळेच हार्मोन नसलेलं फेझोलिनेटंट हे औषध तयार झालं आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ‘मन शांत ठेव, जाईल’ असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांना हे माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं. मन शांत ठेवल्याने झोपेला मदत होईलही, पण वाफ ही मनाची कमजोरी नाही.

पत्रकात लिहिलंय की हा त्रास ‘साधारण एक-दोन वर्षं’ चालतो. हे बदलायला हवं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या आणि हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलेल्या ‘स्वान’ या अभ्यासातून २०१५ साली आलेला आकडा सांगतो की वारंवार वाफा आणि रात्रीचा घाम यांचा मध्यम कालावधी ७.४ वर्षं आहे. पाळी अजून चालू असतानाच ज्यांना हे सुरू झालं त्यांच्यात तो ११.८ वर्षांहून जास्त निघाला. दोन वर्षं सोसू म्हणून उपचार न घेणाऱ्या बाईचा या एका वाक्याने किती काळ वाया जाईल!

तक्त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मी पेनाने भरून काढली. पाळीच्या तारखांना त्यात जागाच नाही. खरं तर सुरुवात ओळखायची सगळ्यांत भरवशाची खूण तीच. २०११ साली तज्ज्ञांनी मिळून प्रजननकाळ संपण्याचे टप्पे नव्याने आखले (ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले), त्यांचा मुख्य आधार पाळीचं चक्र हाच आहे. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडायला लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसला, की बदलाचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन पाळ्यांमध्ये साठ दिवस किंवा त्याहून जास्त अंतर पडलं की नंतरचा टप्पा, आणि तिथून शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांवर असते. पुढे सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे मेनोपॉज झाला. तारीख मागे वळून पाहिल्यावरच कळते, त्या दिवशी कुठलीही पट्टी ती सांगू शकत नाही. म्हणून तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी चार रकाने आखले: पाळी आली ती तारीख, किती दिवस चालली, गाठी पडल्या का, मध्येच डाग दिसला का.

हाच कागद घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पट्ट्यांचे फोटोही दाखवले. त्यांनी ते एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “हे राहू द्या, तो कागद द्या इकडे.” मग तारखांवर बोट ठेवत त्यांनी एकेक महिना विचारला. एफएसएच पुन्हा करायला सांगितलं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोनोग्राफी सांगितली. कारण माझ्या अंगावर जास्त जात होतं, आणि धडधड, थकवा, घाम, झोप मोडणं हे सगळं थायरॉइड बिघडल्यावरही होतं, रक्त कमी झाल्यावरही. माझं हिमोग्लोबिन खरंच उतरलेलं निघालं. थकव्याचा एक मोठा वाटा त्याचा होता. ‘पॉझिटिव्ह’ वाचून ‘म्हणजे मेनोपॉजच’ म्हणत मी घरी बसले असते तर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या नसत्या.

किटच्या पत्रकातलं सगळ्यांत वाईट वाक्य निगेटिव्ह निकालाबद्दल आहे: ‘आपण मेनोपॉजच्या टप्प्यात नाही.’ माझ्या एका सहकारी मैत्रिणीने असंच दुसरं एक किट वापरलं होतं. निगेटिव्ह आलं आणि घरच्यांनी निकालच लावला की बघ, तुला काही झालेलं नाही. रात्र रात्र जागणाऱ्या बाईकडून तिच्या त्रासाचं कारणच त्या पट्टीने काढून घेतलं. याची उलटी बाजूही तितकीच धोक्याची. पॉझिटिव्ह आलं म्हणून गर्भनिरोधक बंद करायचं नाही. पुढच्याच महिन्यात बीज सुटू शकतं. वय पन्नासच्या आत असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची, असा सर्वसाधारण नियम आहे. पत्रकात याबद्दल एक ओळ आहे, तीही तळटीपेत. हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर निकाल धरताच येत नाही, हे मात्र त्यांनी पहिल्या पानावर नीट दिलंय.

धोक्याच्या खुणांना पत्रकात जागाच नाही. बारा महिने पाळी बंद राहून नंतर थोडासा जरी डाग दिसला तरी थांबायचं नाही, तपासून घ्यायचं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, रात्रीच्या घामासोबत ताप येणं किंवा वजन उतरणं, यांतलं काहीही ‘वय झालं, चालायचंच’ यात बसत नाही.

तारे द्यायचेच तर पट्टीला पाचपैकी दोन. वस्तू म्हणून ती प्रामाणिक आहे, पण बाईच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. पत्रकाला एक, त्या निगेटिव्हच्या वाक्यासाठी. लक्षणांच्या तक्त्याला साडेचार, तारखांचे रकाने दिले असते तर पूर्ण पाच. हा तक्ता मिळवायला किट घ्यायची गरज नाही. वरची अकरा लक्षणं वहीच्या पानावर उतरवा, शेजारी शून्य ते चार आकडे घाला, खाली पाळीच्या तारखा लिहा आणि महिन्यातून एकदा भरत राहा. मी आता तेच करते.

माझी धाकटी बहीण एकोणचाळीस वर्षांची आहे. गेले काही महिने तिची पाळी आलेली नाही. माझं किट पाहून तिने फोनवर विचारलं, “ताई, मीही मागवू का गं?” मी नको म्हणाले. आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगितली, ती निगेटिव्ह आली, मग डॉक्टरांकडे नेलं. चाळिशीच्या आत अंडाशयांचं काम मंदावत असेल तर ते वेळेआधीचं असतं. हाडं आणि हृदय यांना इस्ट्रोजेनची सोबत बरीच वर्षं आधी सुटते. म्हणून अशा बायकांना काही वेगळं कारण आडवं येत नसेल तर मेनोपॉजच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. तिथे एफएसएच लागतंच, पण रक्तातलं, आणि चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. तिचा पहिला नमुना मीच घेतला. दुसरा पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, आणि तोपर्यंत तिच्याही वहीत रकाने आखून दिले आहेत.